चावीवाल्याने कुलूप का उघडलं नाही

तिला सगळे टाचणी म्हणायचे. निम्मं कारण तिचं काम. पटकथा लिहिताना प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करायचं आणि ते भिंतीवरच्या फळ्याला टोचायचं, ही तिची पद्धत. उरलेलं निम्मं कारण म्हणजे तिची जीभ. वय एकोणपन्नास, एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत, आणि शोधाशोध बहुतेक वेळा तिसऱ्याची.

सिनेमाच्या धंद्यात येण्याआधी तिने अकरा वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घ्यायचं काम केलं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देत नाही, माणूस त्याला जे सांगायचंय तेच सांगतो, एवढं ज्ञान तिने तिथून आणलं आणि त्याच्या जोरावर चार सिनेमांचे संवाद लिहिले. नाव एकाच सिनेमात आलं. तेही शेवटी, गाड्या पुरवणाऱ्यांच्या खाली, लोक खुर्च्यांतून उठून चपला शोधत असताना.

पाचव्या वेळी तिला ज्या दिग्दर्शकाने बोलावलं तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान होता. पहिल्या सिनेमाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, दुसऱ्याने तोंडावर पाडलं होतं, आणि तेव्हापासून तो सगळ्या जगावर डूख धरून होता. चपलांच्या कारखान्याच्या वर त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खालून दिवसभर चिकट गोंदाचा वास यायचा. दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं आणि मग भांडायला निमित्त लागायचं नाही.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मी गोष्ट सांगतो, तुम्ही लिहा."

"मग टंकलेखक ठेवा," ती म्हणाली. "तो उलट बोलत नाही."

खरं तर त्याच्याकडे गोष्टच नव्हती. होता तो एक "मूड". धुकं, एक रिकामी गल्ली, पाठमोरा माणूस. हा माणूस कुठे चाललाय, असं टाचणीने विचारलं की तो म्हणायचा, "ते महत्त्वाचं नाही." असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी वैतागून ती बोलून गेली, "धुकं पुरे झालं. माझ्या बापाची गोष्ट ऐका, निदान त्यात एक दार तरी आहे."

आणि तिने सांगितली. दोन भाऊ, दोघंही चावीवाले, बाजारात एकच दुकान. थोरल्याचा हात असा की गावातलं कुठलंही कुलूप त्याच्यापुढे दोन मिनिटं टिकायचं नाही. एका सकाळी थोरला दुकानावर गेला तर दाराला नवीन कुलूप. धाकट्याने रातोरात बदललेलं. थोरला थोडा वेळ दारात उभा राहिला, हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून परत घरी आला, आणि पुन्हा कधी त्या दुकानाची पायरी चढला नाही. एका जिन्याखाली टेबल टाकून त्याने पुढची तेहेतीस वर्षं चाव्या केल्या. भावाविषयी अवाक्षर काढलं नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. सात वर्षांपूर्वी बाप गेला तेव्हा काका अंत्यदर्शनालाही आला नाही.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "हाच सिनेमा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती जिना चढत होती तर वरून त्याचा आवाज येत होता. फोनवर कुणाला तरी तो सांगत होता, "माझ्या डोक्यात कधीपासून दोन भावांची एक गोष्ट घोळतेय." काल संध्याकाळपर्यंत जो तिचा बाप होता, तो रातोरात याच्या डोक्यात जाऊन बसला होता.

तरी ती कामाला लागली, कारण काम तिला येत होतं. आधी सगळी गोष्ट एका वाक्यात. मग दोन पानांत. मग प्रसंगांची यादी, आणि यादीची कार्डं: बहात्तर. थोरल्याची पांढरी, धाकट्याची पिवळी, आणि जिथे काहीतरी असं घडतं की मागे फिरता येत नाही, तिथे लाल. लाल कार्डं सहाच. त्यातलं चौथं, बंद दारासमोरचं, फळ्याच्या बरोबर मध्यावर. मग पहिला मसुदा. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, आणि पानं भरली एकशे चाळीस.

ती जेवायला गेली की तो कार्डांच्या जागा बदलायचा. ती परत आली की पुन्हा लावायची. तोंडाने बोलणं हळूहळू बंदच झालं आणि भांडण कागदावर आलं. मसुद्याच्या समासात हिरव्या शाईने तो लिहायचा, "इथे रडू येत नाही." त्याखाली ती पेन्सिलीने लिहायची, "तुम्हाला." एकदा त्याने अख्ख्या पानावर रेघ मारून "कंटाळा" एवढंच लिहिलं. तिने ते पान फाडून त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

तिसरा मसुदा निर्मातीला वाचून दाखवायचा ठरला. या बाईंचा बर्फाचा कारखाना होता. कारखान्याच्या ऑफिसातही इतका गारठा की वाचन ऐकायला दोघंही स्वेटर घालून गेले. टाचणीने सलग दोन तास वाचलं. बर्फवाल्या बाई मान खाली घालून ऐकत होत्या. झोपल्यात की काय, अशी शंका दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. वाचन संपल्यावर बाईंनी मान वर केली.

"एक सांगा. कुलूप उघडणं हाच या माणसाचा धंदा. समोर कुलूप आहे, पिशवीत हत्यारं आहेत. मग तो उघडत का नाही?"

"त्याचा मोठेपणा आहे तो," टाचणी म्हणाली.

"मोठेपणा दाखवायला कुणीतरी बघायला लागतं. तिथे तर कुणीच नाही. मला नाही पटलं."

दिग्दर्शकाने संधी साधली. "मी यांना केव्हापासून सांगतोय. त्याने हातोडा घ्यावा आणि कुलूप फोडावं. पब्लिक टाळ्या वाजवेल."

"हातोडा? चावीवाल्याच्या हातात?" टाचणीचा आवाज चढला. "उद्या शिंप्याच्या हातात कुऱ्हाड द्या!"

"तुमचा बाप देव असेल, माझा नायक नाही!"

"नायक तुमचा कधीपासून झाला?"

बर्फवाल्या बाईंनी टेबलावर पेपरवेट आपटलं. "बाहेर जाऊन भांडा. दोन आठवड्यांत मला उत्तर पाहिजे. नाहीतर हा सिनेमा इथेच गोठला."

घरी आल्यावर टाचणीने आईला विचारलं. आई खिडकीशी बसून भिंगातून पेपर वाचत होती.

"आई, बाबांनी त्या दिवशी कुलूप का नाही उघडलं?"

"साधा माणूस होता तुझा बाप." हे उत्तर चाळीस वर्षं असंच येत होतं, पाठ केलेल्या कवितेसारखं. मग भिंग खाली ठेवून आई म्हणाली, "घरातलं उणंदुणं वेशीवर टांगून पोट भरायचं ठरवलंयस, तर खुशाल टांग. मला विचारू नकोस."

उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस उरलं होतं. मंगळवारी अकराच्या सुमाराला टाचणी बाजारातल्या त्या दुकानात गेली. चाळीस वर्षांत ती या बाजूने कधी गेली तर समोरच्या फुटपाथवरून, मान फिरवून. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे होता. लोखंडी पकडीत चावी धरून कानशीने घासत होता. मागच्या भिंतीवर कोऱ्या चाव्या ओळीने टांगलेल्या.

"कोण पाहिजे?" त्याने वर न बघता विचारलं.

"मी. थोरल्याची मुलगी."

"रस्ता ओलांडलास तेव्हाच ओळखलं. म्हणूनच विचारलं." कानस चालूच राहिली. "चावी करायची असेल तर ठेव आणि संध्याकाळी ये. बोलायचं असेल तर दुकान बंद आहे."

दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. ती तशीच उभी. विचारलं तर हा माणूस बोलणार नाही, हे ती जाणून होती. पण कोर्टात तिने एक गोष्ट शंभर वेळा पाहिली होती. तोंडात मूग धरून बसलेल्या साक्षीदारासमोर कुणी चुकीचं काही बोललं की त्याला राहवत नाही.

"बाबांवर सिनेमा निघतोय," ती म्हणाली. "मीच लिहितेय. त्यात ते दारात उभे राहतात, त्यांना तुमची दया येते आणि ते परत जातात."

कानस थांबली.

"दया?" काकाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "माझी?"

"उघडू शकले असते. तुम्हाला सोडून दिलं त्यांनी."

"उघडलं त्याने!" काका ओरडला. शेजारच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं. "तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी जेवायला गेलो होतो तेव्हा! उघडलं, आत आला, दाराचं कुलूप आतून सोडवलं, त्यातल्या लिव्हर, म्हणजे पितळेच्या पट्ट्या, काढून मागेपुढे केल्या, परत बसवलं. तेवढ्यापुरती नवीन चावी केली, बाहेरून बंद केलं, आणि समोरच्या दुकानदाराच्या देखत चावी गटारात टाकून घरी गेला. एक वस्तू हलवली नाही. मी परत आलो तर माझीच चावी माझ्याच कुलपात फिरेना."

त्याने हातातली कानस पालथी ठेवली.

"अडीच तास झटत होतो मी. तो माझ्याहून चांगला कारागीर होता, हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळलं. खुर्च्या टाकून बसले होते लोक. चावीवाला स्वतःच्या दुकानाबाहेर! शेवटी लोहाराकडून हातोडा आणून दार फोडलं मी. दोन वर्षं पोरं मला बघून हातोडा मारल्याची नक्कल करायची."

टाचणीने विचारलं, "पण कुलूप तुम्ही का बदललंत?"

"एका गिऱ्हाइकाच्या घरी चोरी झाली. पोलिसांनी विचारलं, नकलेची चावी कुणी केली? तुझ्या बापाने माझ्याकडे बोट दाखवलं. पाच दिवस आत होतो. मग चोर सापडला, घरातलाच जावई निघाला. मी सुटून आलो तर तुझा बाप म्हणतो, मी खोटं कुठे बोललो? नक्कल तूच केली होतीस."

"आणि नक्कल..."

"मीच केली होती! चावी करणं हा माझा धंदा आहे!" काका उठून उभा राहिला. "झालं तुझं? आता नीघ. आणि ऐक, सिनेमात कुलूप केसांच्या पिनेने उघडलंत, तर तुझ्या दारात येऊन थुंकेन."

ती घरी आली तेव्हा आई तिथेच, खिडकीशी. टाचणीने चपलाही काढल्या नाहीत.

"तुला माहीत होतं?"

आईने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "दुपारी घरी आला तेव्हा त्याच्या नखांत पितळेची पूड होती. हातावर पाणी मीच घातलं."

"चाळीस वर्षं तू मला..."

"नऊ वर्षांची होतीस. तुला देवमाणूस बाप पाहिजे होता. दिला. काय वाईट झालं तुझं?"

बापाने केलं त्याचा टाचणीला राग नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं. आपण अकरा वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या साक्षी ओळखल्या आणि घरातली एक साक्ष डोळे झाकून उतरवून घेतली, वर तिची एकशे चाळीस पानं केली, हे तिला गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावरची एक्केचाळीस कार्डं काढून टाकली. पिवळी वाढली, लाल सहाची नऊ झाली. दिग्दर्शक आला तेव्हा फळा निम्मा रिकामा होता. "कुणाला विचारून?" तो गरजला. ती पुढचं कार्ड टोचत राहिली. नऊ दिवसांनी चौथा मसुदा त्याच्या टेबलावर ठेवला आणि तो वाचत असताना समोर बसून राहिली.

शेवटचं पान मिटून तो म्हणाला, "म्हणजे हातोडा होता."

"होता. तुम्ही तो भलत्या भावाच्या हातात दिला होता."

त्याचं निम्मं बरोबर निघालं, याचा तिला संताप आला होता. तो हसला, आणि ते हसू तिच्या डोक्यात गेलं. मग दात उपटून घेतल्यासारखं तोंड करून तो म्हणाला, "चांगलं आहे." तिच्या आठवणीत हे पहिलंच कौतुक. ते पुरतं पंधरा सेकंदही टिकलं नाही. "आता शेवटी दोघं भेटले पाहिजेत. इस्पितळ. थोरला खाटेवर. धाकटा येतो, गळ्यात पडतो."

"काका आला नव्हता."

"ते तुमचं घर. हा माझा सिनेमा."

नटाला वाचून दाखवायच्या दिवशी बर्फवाल्या बाईंच्या ऑफिसात प्रती वाटल्या गेल्या. टाचणीने पहिलं पान उघडलं. कथा, पटकथा, संवाद: तिन्हींपुढे दिग्दर्शकाचं नाव. तिचं नाव उलटून पाहिल्यावर सापडलं, आभारांच्या यादीत. शेवटच्या पानांवर इस्पितळ होतं, खाट होती, मिठी होती.

या वेळी वाचन दिग्दर्शकाने स्वतः केलं. तो वाईट वाचायचा, सगळी पात्रं एकाच सुरात रागावायची. थोरल्याचं काम करणारा वयस्कर नट शांतपणे ऐकत होता. कुलपाच्या प्रसंगाशी त्याने हात वर केला.

"थांबा. या लिव्हर मागेपुढे करायच्या म्हणजे हाताने नेमकं काय करायचं? मला दाखवा. त्याशिवाय मला हा माणूस सापडणार नाही."

दिग्दर्शकाने पान उलटलं, परत उलटलं. "ते शूटिंगच्या वेळी बघू."

टाचणीने पिशवीतून एक जुनं कुलूप आणि पेचकस काढला; हा प्रसंग लिहिल्यापासून दोन्ही तिच्या पिशवीतच होते. जिन्याखालच्या टेबलाशी बसून बापाने तिला हे लहानपणीच शिकवलं होतं. तिने झाकणाचे स्क्रू काढले, पितळेच्या पट्ट्या एकेक करून टेबलावर मांडल्या, दुसरी आणि पाचवी यांच्या जागा बदलल्या, झाकण लावलं आणि चावी नटाच्या हातात दिली. नटाने चावी घातली. ती अडली. त्याने पुन्हा जोर लावला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूच एक दुष्ट हसू आलं.

"सापडला," तो म्हणाला.

"ही गोष्ट कुणाची आहे?" बर्फवाल्या बाईंनी विचारलं.

"आमची," दिग्दर्शक म्हणाला.

"काल तर तुम्ही फोनवर 'माझी' म्हणालात."

टाचणी म्हणाली, "घडली माझ्या घरात. लिहिली मी. यांनी जेवणाच्या सुट्टीत कार्डं हलवली."

बाईंनी दोघांना बाहेरच्या पॅसेजमध्ये पाठवलं, मिटवून या म्हणून. तिथे बर्फाच्या लाद्या सरकवल्याचा घरघराट चालू होता. दिग्दर्शक भिंतीला टेकून उभा राहिला. तो थकलेला दिसत होता.

"नाव घ्या," तो म्हणाला. "कथा तुमची. पटकथेत आधी तुम्ही, मग मी. पण मिठी राहील. तिसरा सिनेमा पडला तर मला पुन्हा कुणी उभं करणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर कोर्टात जा. तुम्हाला तिथली सवय आहे."

पंधरा वर्षं ती गाड्या पुरवणाऱ्यांच्या खाली होती. तिने नाव घेतलं.

सिनेमा चालला. चांगला चालला. टाचणी एका दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत जाऊन बसली. सुरुवातीलाच कथेपुढे तिचं नाव आलं, मोठ्या अक्षरांत, एकटं. तिला वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. कुलपाच्या प्रसंगाला प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. हातोड्याच्या वेळी काही लोक हसले, आणि हसल्याबद्दल ओशाळले. मग शेवटी इस्पितळ आलं, धाकटा थोरल्याच्या गळ्यात पडला, आणि सगळीकडे नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. शेजारच्या बाईने तर पदर डोळ्यांना लावला. दिग्दर्शकाचा हिशेब बरोबर होता. टाचणी दिवे लागायच्या आत उठली.

पुढच्या आठवड्यात सकाळी दहा वाजता घराची बेल वाजली. आईने दार उघडलं. बाहेर काका होता, तीन जिने चढून आल्यामुळे धापा टाकत. चाळीस वर्षांनी दीर-भावजय समोरासमोर आले होते. आई बाजूला झाली नाही, आणि काकाने पाऊल पुढे टाकलं नाही.

"मी त्याच्या गळ्यात पडलो नव्हतो," काका म्हणाला.

"माहीत आहे," आई म्हणाली. "तुम्ही आलाच नव्हता."

"नव्हतोच आलो. आणि परत वेळ आली तरी येणार नाही. बाजारात लोक माझा हात हातात घेऊन सांगतायत, बरं झालं, शेवटी मिटलं. काय मिटलं? कुणी मिटवलं? हिला सांगून ठेवा."

"तुमची पुतणी आहे. तुम्हीच सांगा."

टाचणी आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. "काका, ती मिठी मी लिहिलेली नाही."

काकाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "वर नाव कुणाचं आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच टाचणीला टोचायला काही सापडलं नाही. काका कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला. दोघी दारात उभ्या राहून पाहत होत्या. खालचा दरवाजा आपटल्यावर आई आत वळली.

"इतकं खरं हे तेव्हा भावाशी बोलले असते तर..." ती म्हणाली. भिंग उचलून पेपर उघडला, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

पावसाळा सरता सरता दिग्दर्शकाचा फोन आला. नवीन खोल्या होत्या, नवीन फळा होता. "गोष्ट आहे," तो म्हणाला. "सोमवारी या."

"येते. पण शेवटचं पान माझं. तसं आधी लिहून द्या."

"डोकं फिरलंय का तुमचं?" म्हणून त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून ही अट ती प्रत्येकाला घालते. त्यामुळे तिच्याकडे काम कमी येतं, आणि हटवादी म्हणून नाव बरंच पसरलंय. सध्या ती एका नवख्या दिग्दर्शिकेबरोबर लिहितेय. तिनेही आधी खूप खळखळ केली, दोनदा रडली, एकदा कप फोडला, मग सही केली. बसायची जागा बाजाराच्या पलीकडे आहे, म्हणून टाचणी रोज सकाळी काकाच्या दुकानावरून जाते, आता त्याच बाजूच्या फुटपाथवरून. काका कानशीचा हात थांबवत नाही आणि वरही बघत नाही. तीही थांबत नाही.